नहूमचं पुस्तक आपल्या उपासनेत का वाचत नाहीत?

कदीम_जालना (धागाकर्ता)

सलाम मंडळी,

आमच्या तरुण संघात यंदा बायबलातले लहान संदेष्टे वाचायला घेतलेत. आमोसला पोरं ताठ बसली, योनाला हसली, मीखाही पार पडला. नहूम आला आणि एका वडीलधाऱ्यांनी सुचवलं, "हे सोडा, सरळ हबक्कूक घ्या." का, तर त्यात नुसती कापाकापी आहे, पोरांनी त्यातून घ्यायचं काय? सगळं आयुष्य मंडळीत गेलं, पण नहूमवर एक संदेश ऐकल्याचं मला आठवत नाही. पहिल्या अध्यायातलं सातवं वचन तेवढं कॅलेंडरवर येतं: परमेश्वर चांगला आहे, संकटात तो आसरा आहे. त्या वचनाच्या मागंपुढं काय आहे ते कॅलेंडरवाला छापत नाही.

मागंपुढं आहे निनवेचा, म्हणजे अश्शूर साम्राज्याच्या राजधानीचा नाश. तीन अध्याय, सत्तेचाळीस वचनं, आणि जवळजवळ सगळी एका शहरावर. चाबकाचा आवाज, चाकांचा खडखडाट, प्रेतांचे ढीग. शेवटी तर जो कुणी ही बातमी ऐकतो तो टाळ्या वाजवतो.

आता हे कुणी कुणाला म्हटलंय ते बघा. अश्शूरनं इ.स.पू. ७२२ मध्ये उत्तरेकडच्या इस्राएल राज्याची राजधानी शोमरोन संपवली, तिथली हजारो माणसं उठवून दूरदेशी नेली. ७०१ मध्ये अश्शूरचा राजा सन्हेरीब दक्षिणेकडच्या यहूदा राज्यात घुसला. त्याच्या स्वतःच्या कोरीव लेखात तो सांगतो की ४६ तटबंदीची शहरं घेतली, २,००,१५० माणसं बाहेर काढली आणि हिज्कीया राजाला पिंजऱ्यातल्या पाखरासारखं यरुशलेमेत कोंडलं. आकडा फुगवलेला असेल, राजे फुगवतातच. पण फुगवून सांगायला त्यांना हीच गोष्ट सापडली हे लक्षात घ्या. लाखीश शहर घेतल्याचं चित्र त्यानं निनवेच्या राजवाड्यात भिंतभर कोरून घेतलं. खांबांवर खोचलेली माणसं, बैलगाडीत बोचकी घालून निघालेली कुटुंबं, बायका, लेकरं. पुढं अश्शूरबनिपालाच्या काळातलं आणखी एक शिल्प आहे. राजाराणी बागेत खातपीत बसलेत आणि शेजारच्या झाडाला एलामच्या राजाचं मुंडकं टांगलंय. हे सगळं त्यांनी लपवलं नाही, दिवाणखान्यात लावलं. (आज ते लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. एका साम्राज्याच्या भिंती उचलून दुसऱ्या साम्राज्यानं आपल्या घरात लावल्या. यावर नहूम काय म्हणाला असता कोण जाणे.)

म्हणजे नहूम हा काही जेत्याचा पोवाडा नाही. खंडणी भरून भरून मोडलेल्या एका लहानशा राज्यातल्या माणसाचा तो आवाज आहे. आणि मला यात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की अख्ख्या पुस्तकात यहूदाला तलवार उचलायला कुठंच सांगितलेलं नाही. यहूदाला सांगितलंय ते एवढंच, पहिल्या अध्यायाच्या शेवटी: तुमचे सण पाळा, नवस फेडा. बस. हिशेब करणारा दुसरा आहे.

इ.स.पू. ६१२ मध्ये बाबेलचे लोक आणि मेदी यांनी तीन महिने वेढा देऊन निनवे घेतलं. ४०१ मध्ये झेनोफन नावाचा ग्रीक आपलं सैन्य घेऊन त्या ढिगाऱ्यांजवळून गेला. त्याला तिथलं नाव 'मेस्पिला' म्हणून सांगण्यात आलं. हेच ते निनवे, हे त्याला कळलंसुद्धा नाही. जग जिंकलेली राजधानी, आणि दोनशे वर्षांत नावसुद्धा गेलं.

तर प्रश्न असा: तुमच्या मंडळीत नहूम वाचतात का? वाचत असतील तर कसं सांगतात? आणि सोडून देत असतील, तर आपण नेमकं कशाला घाबरतोय?

---

शंकेखोर

धागा चांगला, पण काही गोष्टी खटकल्या.

निनवे पडलं याला देव कशाला लागतो? अश्शूरबनिपाल मेल्यावर गादीवरून भांडणं लागली, बाबेल फुटलं, मेदी येऊन मिळाले. इतकं मोठं राज्य खंडणीच्या जोरावर किती दिवस टिकणार? इतिहास म्हणून हे पुरेसं आहे.

दुसरं, तिसऱ्या अध्यायातलं दहावं वचन वाचा. मिसरातलं नो-आमोन पडलं तेव्हा तिथली तान्ही लेकरं रस्त्याच्या नाक्यावर आपटली, असं नहूम सांगतो आणि पुढं म्हणतो की निनवे, तुझंही तसंच होणार. स्तोत्र १३७ मध्ये तर बाबेलची लेकरं खडकावर आपटणारा धन्य! हा न्याय आहे की सूड?

आणि तिसरं म्हणजे, जुलमी साम्राज्यांचा विषय काढलाच आहे तर ख्रिस्ताचं नाव घेऊन चाललेल्या साम्राज्यांचं काय? गोव्यात १५६० ते १८१२ पोर्तुगिजांचं इन्क्विझिशन, म्हणजे धर्मद्रोह शोधून शिक्षा देणारं न्यायालय, चाललं. तेव्हा नहूम कुणाच्या बाजूनं वाचायचा?

---

कदीम_जालना

शंकेखोर, पहिल्या मुद्द्यावर आपलं भांडणच नाही. नहूमच्या पुस्तकात आकाशातून कुणी देवदूत उतरत नाही. ढाली, रथ, नदीचे दरवाजे, पळणारे सरदार, एवढंच आहे. यशयाच्या दहाव्या अध्यायात तर अश्शूर हीच देवाच्या रागाची काठी आहे, आणि ती काठी फुशारकी मारायला लागते तेव्हा यशया विचारतो, कुऱ्हाड कधी तोडणाऱ्यापुढं मिजास करते का? कारणं तुम्ही सांगता तीच. त्या कारणांचा धनी कोण, इथं आपण वेगळे होतो.

तिसऱ्याला सरळ उत्तर: गोव्यात नहूम त्या तुरुंगातल्या माणसाच्या बाजूनं वाचायचा. नहूममध्ये 'रक्तपाती नगरी' म्हटलंय, 'मूर्तिपूजकांची नगरी' नाही. पाटी कुठलीही लावा.

दुसऱ्यावर मला वेळ द्या. तिथं घाईनं बोलू नये.

---

शेवटचा_काळ

प्रभूमध्ये प्रियांनो!! निनवे म्हणजे आजचं मोसुल!! २०१४ मध्ये तिथं काय झालं ते सगळ्या जगानं पाहिलं. नहूमची भविष्यवाणी डोळ्यांसमोर पूर्ण होत आहे. दानीएलाच्या पुतळ्याची लोखंड-मातीची पावलं कोणती ते आता उघड आहे. चार्ट तयार केला आहे, हवा असल्यास कळवा. जागे राहा!!! आमेन लिहून पुढे पाठवा.

---

छावणीतला

दादा, मोसुलचं नाव काढलंतच आहे तर थोडं थांबा.

२०१४ च्या उन्हाळ्यात आयसिसनं मोसुल घेतलं तेव्हा कुणाच्या घरांवर खुणा केल्या? 'नून' हे अरबी अक्षर रंगवलं, म्हणजे इथं नासरी राहतात, नासरेथकराचे लोक. ख्रिस्ती! त्या जुलैत मोसुल रिकामं झालं, ऑगस्टमध्ये आसपासच्या निनवे मैदानातली गावंही. त्याच जुलैत योना संदेष्ट्याच्या कबरीचं ठिकाणही सुरुंगानं उडवलं, मुसलमानांचंही ते पवित्र स्थान. तुमच्या चार्टमध्ये हे कोण? निनवेवरचा न्याय म्हणून देवानं तिथल्या आपल्याच लेकरांना घालवलं का?

आता खरी गंमत. त्या भागातले बरेच ख्रिस्ती स्वतःला काय म्हणवतात? अश्शूरी. ज्या साम्राज्याचा नायनाट नहूम सांगतो त्याच नावानं आज ओळखली जाणारी माणसं येशूच्या भाषेच्या जवळची भाषा बोलतात आणि बाप्तिस्मा घेतात. सुरियानी परंपरेतल्या मंडळ्या दर वर्षी मोठ्या उपवासकाळाच्या आधी तीन दिवस 'निनवेचा उपवास' पाळतात, योनाचा संदेश ऐकून त्या शहरानं पश्चात्ताप केला त्याची आठवण म्हणून. केरळातल्या सुरियानी ख्रिस्ती घरांतही तो पाळतात. म्हणजे नहूमनं ज्याला मूठमाती दिली त्याच निनवेच्या नावानं अडीच हजार वर्षांनी लोक उपाशी राहून प्रार्थना करतात.

यशयाचा एकोणिसावा अध्याय काढा, शेवटची तीन वचनं. मिसरापासून अश्शूरपर्यंत राजमार्ग होईल, दोघं मिळून उपासना करतील, आणि परमेश्वर म्हणेल, मिसर माझी प्रजा, अश्शूर माझ्या हातचं काम, इस्राएल माझं वतन. शब्द थोडे इकडंतिकडं असतील, पण क्रम हाच. जुलूम करणाऱ्या दोन्ही साम्राज्यांना स्वतःच्या लोकांच्या पंगतीत बसवलंय. मला तरी हे नहूमपेक्षा पचायला जड जातं.

साम्राज्य मरतं, तिथली माणसं देवाला हवी असतात. कुठलं श्वापद म्हणजे कुठला देश, असा चार्ट काढला की ही माणसं आधी पुसली जातात.

---

शेवटचा_काळ

मी फक्त वचन सांगितले. प्रभू आपणास समज देवो.

---

मांजराकाठ

@छावणीतला, दंडवत. निनवेच्या उपवासाचं माहीतच नव्हतं.

आमच्याकडं लातुरात हबक्कूक मात्र वाचतात, आणि वाचतात ते शेवटचं. २०१६ चा उन्हाळा आठवा, मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं ते. नळाला कधी पाणी येईल ह्यावर घरात भांडणं व्हायची, टँकरवर पोलीस उभे. त्या दिवसांत आमच्या पाळकांनी हबक्कूकचा तिसरा अध्याय घेतला. अंजिराला फूल नाही, वेलीला द्राक्ष नाही, जैतुनाचं पीक बुडालं, शेतात अन्न नाही, वाड्यात मेंढरू नाही, गोठ्यात गुरू नाही, तरी मी परमेश्वरात आनंद करीन. पाळक म्हणाले, अंजिराच्या जागी तूर घाला, द्राक्षाच्या जागी सोयाबीन. एक शेतकरी मागं बसला होता, तो म्हणाला, "पाळकसाहेब, आनंद बिनंद नंतर बगू, आदी गोठ्याचं वचन परत वाचा." दुसऱ्यांदा वाचलं. कुणी हसलं नाही.

पण खरं सांगायचं तर ते वचन दुष्काळाचं नाहीच, स्वारीचं आहे. पुस्तकाच्या सुरुवातीला हबक्कूक ओरडतोय, किती वेळ, परमेश्वरा, किती वेळ हा जुलूम? देव उत्तर देतो, मी खास्द्यांना, म्हणजे बाबेलवाल्यांना, उठवतोय. हबक्कूक चक्रावतोच! अहो, ते तर आमच्याहून नीच आहेत. वाईटाला शिक्षा म्हणून त्याहून वाईट? मग बुरुजावर जाऊन उभा राहतो, देव काय म्हणतो ते ऐकायला. आणि दुसऱ्या अध्यायात बाबेलवर पाच धिक्कार येतात, त्यातला एक म्हणजे रक्तानं शहर बांधणाऱ्यावर. म्हणजे अश्शूरला बाबेलनं संपवलं, यरुशलेम इ.स.पू. ५८६ मध्ये त्याच बाबेलनं जाळलं, आणि बाबेल ५३९ मध्ये पर्शियाच्या कोरेश राजानं घेतलं. प्रत्येक काठी पुढच्या वेळी आरोपीच्या पिंजऱ्यात.

---

पैठण_गेट

मी ख्रिस्ती नाही, इतिहासाचा मास्तर आहे, पण धागा वाचतोय.

हबक्कूक देवगिरीला येऊन बुरुजावर बसला असता तर त्याला रोज नवीन पान लिहावं लागलं असतं. यादव, मग १२९६ मध्ये अलाउद्दीन खिलजीची स्वारी, १३२७ ला तुघलकानं दिल्लीची राजधानीच तिथं आणून ठेवली, पुढं बहमनी, निजामशाही, १६३३ ला मुघल, १७२४ नंतर आसफजाही निजाम. प्रत्येकानं किल्ला 'कायमचा' घेतला. मुलांना सहलीला नेलं की मी ही यादी खंदकाशी उभं राहून सांगतो. त्यांचं लक्ष अंधारीतल्या वटवाघळांकडं असतं, ते सोडा.

एक प्रामाणिक शंका. तुमचे मिशनरीही साम्राज्याच्या सावलीतच आले ना? जालना, औरंगाबाद, हिंगोली, छावणी जिथं तिथं चर्च.

---

कदीम_जालना

सर, छावणीचं खरं आहे. पण जालन्यात काम उभं केलं ते नारायण शेषाद्रींनी, १८६० च्या दशकात. गोरे नव्हते, मराठी ब्राह्मण घरातून ख्रिस्ती झालेले, स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे. त्यांनी वसवलेलं बेथेल गाव निजाम सरकारकडून मिळालेल्या जमिनीवर उभं राहिलं. म्हणजे एकाच्या छावणीचा आसरा आणि दुसऱ्याची जमीन. आमचे पूर्वज दोन साम्राज्यांच्या मधल्या फटीत विश्वासात आले. तिथं आलेले बहुतेक लोक गावकुसाबाहेरचे होते, त्यांच्याकडं निवडायला तिसरी जागा नव्हती.

दानीएलही बाबेलच्या दरबारातच नोकरी करत होता. त्याच दरबारात बेलशस्सराच्या मेजवानीला भिंतीवरचं लिखाण त्यानं वाचून दाखवलं: मने, मने, तकेल, ऊफारसीन. मोजलं, तोललं, कमी भरलं. पगार कुणाचा खातो हे तो विसरला नाही, पण भिंतीवर लिहिलेलं गोड करून सांगितलंही नाही. आमच्या मिशनचा इतिहास याच मापानं मोजायला माझी हरकत नाही. काही ठिकाणी तोही कमी भरेल.

---

संपादक

खुलताबादच्या कबरीवरून सुरू झालेले प्रतिसाद उडवले आहेत. विषय निनवे आहे. पुन्हा तसं झाल्यास धागा वाचनमात्र होईल.

---

गुरुजी_उमरगा

टंकायला वेळ लागतो, सांभाळून घ्या.

मांजराकाठ यांनी काठी-काठीचं लिहिलं ते वाचून लिहावंसं वाटलं. आम्ही उमरग्याकडचे. रझाकारांच्या काळात आमची वस्ती रात्री शिवारात झोपायची. रझाकारांचा म्होरक्या कासीम रझवी लातुरात वकिली करायचा, हे नव्या पोरांना ठाऊक नसतं, बाहेरून आलेला कुणी होता असं वाटतं. गावं लुटली, माणसं मारली, हे आमच्या घरात आईच्या तोंडून ऐकलंय. १३ सप्टेंबर १९४८ ला फौजा आल्या, १७ ला निजामानं हात वर केले. वडील सांगायचे, त्या रविवारी देवळात मरीयेचं स्तोत्र म्हटलं, बलवानांना गादीवरून ओढलं, दीनांना उंच केलं. लूकमधलं. गाताना म्हातारे रडले म्हणे.

आता दुसरी बाजू सांगतो, तीही वडिलांनीच सांगितली. त्यानंतरच्या दिवसांत आमच्याच भागातल्या गरीब मुसलमानांवर जे झालं, ते. ज्यांनी रझाकारांची टोपी कधी घातली नाही अशांवर. पंडित सुंदरलाल यांच्या समितीनं पुढं पाहणी केली. उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड या चार जिल्ह्यांत सगळ्यात जास्त झालं असं तिच्या अहवालात आहे, आणि मेलेल्यांचा अंदाज, तोही हात राखून, २७ ते ४० हजार. तो अहवाल कितीतरी वर्षं उघडच केला नाही.

वडिलांनी दोन मुसलमान घरं आमच्या कडब्याच्या गंजीत लपवली होती. नंतर कुणीतरी विचारलं, "मास्तर, यांच्या लोकांनी तुम्हाला पळवलं, आन तुम्ही यांना लपवायलाव?" वडील म्हणाले, "हिशेब करणारा वर हाय, मला कशाला वही देतूस?" ते काही शिकलेले पाळक नव्हते, सुवार्तिक होते. रोमकरांस पत्राचा बारावा अध्याय त्यांना तोंडपाठ होता: सूड घेणं माझं काम, असं प्रभू म्हणतो.

१७ सप्टेंबरला मी झेंड्याला जातो. न चुकता. मुक्ती खरीच होती. पण मरीयेचं गीत गाणाऱ्यानं दुसऱ्या आठवड्यात शेजाऱ्याच्या दारात कुऱ्हाड घेऊन जायचं नसतं, एवढंच मला कळतं. धागाकर्त्यांनी लिहिलंय ना, नहूम यहूदाला फक्त सण पाळायला सांगतो. ते बरोबर ओळखलंत.

---

शंकेखोर

गुरुजी, _/\_

माझा सुडाचा प्रश्न तुमच्या वडिलांनी पंचाहत्तर वर्षांआधी ऐकला होता असं दिसतंय.

---

निळाई

सगळं ठीक. पण मंडळी, तुमचं बाबेल नेहमी दूर कसं असतं? निनवे, रोम, निजाम, पोर्तुगीज. गावातली उतरंड कुठल्या साम्राज्यात बसते? १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातींची यादी धर्माला बांधली. १९५६ ला शीख आत आले, १९९० ला आम्ही बौद्ध. दलित ख्रिस्ती आणि दलित मुसलमान अजून बाहेर. हा अन्याय राज्याचा, मान्य. पण तुमच्या मंडळीतली सोयरीक? "मूळचे कुठले" हा प्रश्न लग्नाच्या बोलणीत तुमच्याकडं विचारत नाहीत का? आमच्या लोकांनी मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतरासाठी सोळा वर्षं मार खाल्ला, घरं जळली, तेव्हा कुठं १४ जानेवारी १९९४ उगवला. आम्ही प्रकटीकरणाची वाट बघत बसलो नाही.

---

कदीम_जालना

निळाईताई, विचारतात. आडून विचारतात, पण विचारतात.

आणि म्हणूनच बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणात, रोमवर तुटून पडण्याआधी योहानाच्या हातून सात मंडळ्यांना पत्रं जातात. स्मुर्णाची मंडळी गरीब आणि छळलेली, तिला धीर. लावदिकीयाची श्रीमंत, तिला वाटतं आपल्याला काही कमी नाही, तिला सगळ्यात कडक शब्द. बाबेल (तिथं बाबेल म्हणजे रोमच) पडण्याच्या अध्यायात आवाज येतो तोही 'माझ्या लोकांनो, तिच्यातून बाहेर या' असाच. आत असल्याशिवाय बाहेर या कोण म्हणेल? पेत्र म्हणतो, न्यायाची सुरुवात देवाच्या घरापासून. या वचनांवर संदेश मी ऐकलेत, सोयरीक हा शब्द त्यांत कधी आला नाही.

वाट बघण्याबद्दल मात्र थोडा वाद घालतो. आशा म्हणजे हात बांधून बसणं नव्हे. पात्म बेटावर योहान हद्दपार होता, आणि सम्राटाला 'प्रभू' म्हणायला नकार देणारी माणसं दुकानदार, गुलाम, बायका अशीच होती. इ.स. ११२ च्या सुमारास प्लिनी नावाचा रोमी सुभेदार सम्राट त्रायानाला कळवतो की खरं काय ते काढून घ्यायला मी यांच्यातल्या दोन गुलाम बायकांचा छळ केला, त्यांना ते 'सेविका' म्हणतात. त्या दोघींच्या हातात ना फौज ना कोर्ट. तरी सुभेदाराला थेट सम्राटाला विचारावं लागलं की या लोकांचं करू काय. त्याला वाट बघत बसणं म्हणायला माझी जीभ वळत नाही.

---

निळाई

त्या दोघींचं पटलं. सोयरिकीचं तरुण संघात बोला. इथं नको.

---

बीडची_लेक

मी मोबाईलवरून लिहायलीय. आम्ही आत्ता ऊसतोडीला फडावर आहोत, रात्रीच रेंज येते.

निळाईताई म्हणाल्या बाबेल दूर कसं. मी जवळचं सांगते. प्रकटीकरण अठरा मध्ये बाबेल पडल्यावर राजे रडतात, व्यापारी रडतात, तांडेल रडतात. व्यापारी कशाला रडतात? आता आमचा माल कुणी घेत नाही म्हणून. मेलेल्यांसाठी नाही. मग मालाची यादी आहे, सोनं, रुपं, मोती, तलम कापड, हस्तिदंत, दालचिनी, तेल, गहू, गुरं, मेंढरं, घोडे, रथ, आणि एकदम शेवटी माणसं. माणसांची शरीरं आणि जीव. सोनं पहिल्या नंबरला अन माणूस घोड्याच्या मागं.

आमच्यात मुकादम माणसं मोजत नाही, कोयते मोजतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. दिवाळीच्या आधी उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत कोपी सोडता येत नाही. एक दिवस ताप आला तर खाडा, त्याचे पैसे उलट आपल्यावर. २०१९ मध्ये आमच्या जिल्ह्यातल्या बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचं विधानसभेत गाजलं, तुम्ही पेपरात वाचलं असेल. खाडा पडू नये म्हणून बाईनं पिशवीच काढून टाकायची. शरीरं आणि जीव म्हणजे काय हे मला कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही.

मला त्या अध्यायाची भीती वाटत नाही. ज्याला त्या यादीतलं सोनं विकायचंय त्याला वाटू द्या. यादीतलं शेवटचं नाव कुणीतरी वाचलंय, लिहून ठेवलंय, एवढं मला रात्री पुरतं. आणि उद्या मुकादमाशी खाड्याचं भांडायला पण पुरतं.

नहूम वाचा. पोरं घाबरत नाहीत, त्यांच्या आयांना विचारा.

---

मांजराकाठ

ताई, तुमचा प्रतिसाद रविवारच्या उपासनेत वाचू का? नाव न घेता.

---

बीडची_लेक

वाचा. खाडा म्हणजे काय ते सांगून वाचा, नाहीतर शहरातल्यांना कळणार नाही.

---

पैठण_गेट

सहावीच्या वर्गात 'साम्राज्याचा विस्तार' असा धडा असतो, नकाशात रंग पसरत जातो. रंगाखाली कोण होतं ते या धाग्यावर जास्त कळलं. खुणेची नोंद ठेवली आहे.

---

कदीम_जालना

ठरलं. वडीलधाऱ्यांशी बोललो. येत्या बैठकीत योना आणि नहूम एकत्र वाचायचे, एकामागून एक, मधे चहा नाही. दोन्ही निनवेवर आणि दोन्ही पुस्तकं प्रश्नावर संपतात. योनात देव विचारतो, ज्यांना उजवंडावं कळत नाही अशी एक लाख वीस हजारांवर माणसं आणि इतकी जनावरं जिथं आहेत त्या निनवेची मी कीव करू नये का? नहूम विचारतो, तुझा दुष्टपणा ज्याच्यावरून गेला नाही असा कोण आहे? पोरांना म्हणणार, यातला एकच प्रश्न ठेवायचा असेल तर कुठला ठेवाल ते सांगा, आणि दुसरा का टाकलात तेही सांगा.

शंकेखोर, लेकरांच्या वचनावर उत्तर देणं बाकी आहे, विसरलो नाही. आत्तापुरतं एवढंच सांगतो. ती लेकरं नो-आमोनला खरोखर मारली गेली होती आणि मारणारे अश्शूरचेच होते, इ.स.पू. ६६३ मध्ये. नहूम त्यांना त्यांचंच कृत्य दाखवतोय. पण निनवेच्या लेकरांनी काय केलं होतं, याचं उत्तर त्यात नाही. योनाच्या शेवटच्या वचनात ती लेकरं मोजलेली आहेत असं मला वाटतं. हे उत्तर म्हणून पुरतं का, ते तुम्ही सांगा.

---

शंकेखोर

अर्धं पुरतं. बैठक कुठं आहे? मी शंका घेऊन येतो, चालेल ना?

---

कदीम_जालना

चालेल. पत्ता व्यक्तिगत निरोपात टाकलाय. सहाला सुरू, साडेसहाला माणसं येतात.